नवोदयची परीक्षा पोरं देतात, कॉपी मोठी माणसं करतात

माळरान:

नवोदयच्या परीक्षेतल्या गैरप्रकारांचा विषय निघाला की लोकांच्या डोळ्यांसमोर परीक्षेचा हॉल येतो. चिठ्ठ्या, खिडकीतून सांगितलेली उत्तरं, फुटलेला पेपर. तेही होतं, नाही असं नाही. पण मी जिल्हा परिषदेच्या शाळेत पाचवीला शिकवतो आणि माझं ठाम मत झालंय की खरा घाला हॉलच्या कितीतरी आधी पडतो. तो पडतो शाळेच्या जनरल रजिस्टरात, म्हणजे मुलांची नावं दाखल होतात त्या वहीत. तिथं ना भरारी पथक जातं, ना कुणी कॅमेरा लावतं.

ज्यांच्या घरात हा विषय नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. जवाहर नवोदय विद्यालयं १९८५-८६ साली सुरू झाली. पहिल्या दोन शाळांतली एक आपल्या अमरावतीची, दुसरी हरियाणातल्या झज्जरची. खेड्यातलं हुशार पोर पैशापायी मागे राहू नये, त्याची राहण्या-जेवण्याची आणि शिकण्याची सोय सरकारने करावी, हा हेतू. एका विद्यालयात सहावीला जास्तीत जास्त ८० जागा. त्यातल्या किमान ७५ टक्के ग्रामीण मुलांसाठी. परीक्षा पाचवीत असताना द्यायची आणि आयुष्यात एकदाच. दुसऱ्यांदा बसता येत नाही, कारण कुठलंही असो. दोन तासांत ८० प्रश्न, १०० गुण. मानसिक क्षमतेचे ४० प्रश्न, अंकगणिताचे २०, भाषेचे २०.

ग्रामीण कोण, याचा नियम फार कडक आहे. तिसरी, चौथी आणि पाचवी ही तिन्ही वर्षं ग्रामीण भागातल्या मान्यताप्राप्त शाळेत पूर्ण झालेली हवीत. या तीन वर्षांत पोर एक दिवस जरी शहरातल्या शाळेत शिकलं तरी ते शहरी उमेदवार धरलं जातं. जिल्हाही विद्यालयाचाच हवा.

आता हा नियम कसा वाकवतात ते बघा. पोरगं राहतं जिल्ह्याच्या ठिकाणी, नवोदयच्या निवासी क्लासमध्ये. दिवसभर आकृत्यांचे सराव पेपर सोडवतं. नाव मात्र कुठल्यातरी वाडीवरच्या दोनशिक्षकी शाळेत. तिथल्या हजेरीपटावर ते रोज हजर असतं, पोषण आहाराच्या नोंदवहीत रोज जेवतं, सत्र परीक्षेत पासही होतं. त्या वर्गातल्या एकाही मुलाला त्याचं तोंड ठाऊक नसतं. मुख्याध्यापकाच्या सहीचं प्रमाणपत्र अर्जासोबत अपलोड झालं की ते पोर कागदोपत्री खेड्यातलं झालं.

दुसरा प्रकार पुन्हा बसवण्याचा. एका वर्षी निवड झाली नाही की पोराला सहावीत न घालता लांबच्या तालुक्यात परत पाचवीत बसवायचं. कधी नावाच्या स्पेलिंगमध्ये एखादं अक्षर इकडचं तिकडे, कधी जन्मतारीख नवी. त्या पोराचा सराव दोन वर्षांचा, शेजारच्या बाकावर बसलेल्याचा चार महिन्यांचा. गुणवत्ता यादीत मात्र दोघांचे गुण एकाच मापाने मोजले जातात.

माझ्या वर्गात एक मुलगी होती. आईबाप ऊसतोडीला जाणारे, ती आजीपाशी राहायची. आरशातली प्रतिमा ओळखायचे प्रश्न तिला सुरुवातीला जमत नव्हते. मग तिचं तिनंच शोधून काढलं की कागद उलटा करून उजेडाला धरला की आकृती आरशातल्यासारखी दिसते. आठवडाभर वर्गाच्या दारात उभी राहून ती एकेक पान असं उजेडाला धरायची, मनात ठरवलेल्या उत्तराशी ताडून बघायची. पुढे कागद उचलायची गरजच राहिली नाही. परीक्षेत तिचं नाव प्रतीक्षा यादीत अडकलं. त्याच तालुक्यातून निवड झालेल्यांत एक नाव असं होतं की ज्या वस्तीवरच्या शाळेतून ते गेलं, तिथल्या माणसांना तो मुलगा कोण हेच सांगता येईना.

म्हणून हा धागा. दहा वर्षांचं लेकरू खोटा दाखला काढत नाही, रजिस्टरमध्ये नाव घुसवत नाही. हे सगळं आईबाप, क्लासवाले आणि आमच्यातलेच काही शिक्षक करतात. तुमच्याकडे काय चालतं ते मोकळेपणाने लिहा. शाळेचं, क्लासचं, माणसाचं नाव नको.

खडूफळा:

सर, विषय काढलात ते बरं केलंत. मी छोट्या शाळेचा मुख्याध्यापक आहे, त्यामुळे टेबलाच्या या बाजूला काय असतं ते लिहितो.

वाडीवरची शाळा असली नावं घेते कशाला? पैसे खाणारे असतात, त्यांची बाजू मी घेणार नाही. पण बहुतेक ठिकाणी मूळ पटसंख्येत आहे. संचमान्यता, म्हणजे शाळेला किती शिक्षक मंजूर, ती पटावर होते. पट घसरला की शिक्षकाचं पद जातं, एक शिक्षक अतिरिक्त ठरतो, शाळा बंद पडण्याची टांगती तलवार वर असतेच. अशा वेळी कुणी येऊन म्हणतं, गुरुजी, चार नावं घ्या, पोरांचा तुम्हाला काही त्रास नाही, परीक्षेपुरता दाखला द्या. चार नावांनी गावातल्या खऱ्या पंधरा पोरांचा शिक्षक टिकणार असतो. माणूस डगमगतो.

आणि वरून फोन येतात. कधी गावचा पुढारी, कधी आपल्याच खात्यातला कुणी. "तुमच्या शाळेचं नाव होईल, नवोदयला मुलगा लागला म्हणून बॅनर लागेल." गेल्या वर्षी मी अशा एका पालकाला स्पष्ट सांगितलं की मुलगा रोज शाळेत बसणार असेल तर आनंदाने दाखल करतो. त्यांनी दुसऱ्याच आठवड्यात दुसरी शाळा गाठली. तिथे काम झालं.

तेव्हा नुसतं मुख्याध्यापकाला धरून भागणार नाही. एक सही नाही म्हणाली तर दुसरी सही तयार असते, हे सगळ्यांना माहीत आहे.

पाचवीची आई:

मला थोडं वेगळं मांडायचंय, रागावू नका.

माझा मुलगा यंदा बसतोय. आम्ही शहरात एका खोलीत राहतो, नवरा रिक्षा चालवतो. आमच्यासारख्यांची पोरं 'शहरी' म्हणून उरलेल्या जागांत ढकलली जातात आणि तिथं त्यांची गाठ डॉक्टर-इंजिनियरच्या पोरांशी पडते. गरिबी काय फक्त खेड्यातच असते का? म्हणून आमच्या ओळखीच्या एका बाईंनी मुलीचं नाव माहेरच्या गावी लावलं तेव्हा मला त्यात फार मोठं पाप वाटलं नाही, हे खरं सांगते.

दुसरं, एकच संधी. दहा वर्षांच्या पोराला त्या दिवशी ताप आला, रडू आलं, पेन चाललं नाही, तर सगळं संपलं? मोठ्यांच्या परीक्षांना पाच-पाच, सहा-सहा वेळा बसू देतात. लहानांनाच ही शिक्षा का?

क्लासवाल्यांचं मात्र पटलं. आमच्याकडच्या एकाने फी सांगताना विचारलं, "नाव गावाकडे लावून पाहिजे का? त्याचे वेगळे." मी उठून आले.

माळरान:

ताई, रागावण्यासारखं काहीच नाही. तुमचे दोन्ही मुद्दे खरे आहेत. शहरातल्या वस्त्यांमधल्या पोरांसाठी अशी शाळा नाही, हा अन्यायच आहे आणि त्यासाठी भांडायला मी तुमच्या बाजूने उभा राहीन.

पण गावाकडे लावलेलं एक नाव डॉक्टरच्या पोराची जागा खात नाही, ते खातं खेड्यातल्याच पोराची. नियम चुकीचा वाटत असेल तर तो उघडपणे बदलून घेऊ. लपून मोडला की त्याचा फायदा नेहमी ज्याच्याकडे ओळख आणि पैसा आहे त्यालाच होतो. त्या क्लासवाल्याने "त्याचे वेगळे" म्हटलं ना, ते वेगळे पैसे रिक्षावाल्याला परवडत नाहीत, बंगलेवाल्याला परवडतात.

एकाच संधीचं म्हणाल तर मलाही ते जाचक वाटतं. उद्या दोनदा संधी दिली तर सगळ्यांना द्या. आज काहींना चोरून दोन आणि बाकीच्यांना एक असं चाललंय.

पर्यवेक्षक:

माळरान सर म्हणतात की हॉलच्या आधीच सगळं होतं. मी म्हणेन हॉलमध्येही होतं आणि तेही कमी नाही. नवोदय आणि शिष्यवृत्ती अशा दोन्ही परीक्षांना मी पर्यवेक्षण केलंय. दोन्ही ठिकाणी गोळे रंगवायची उत्तरपत्रिका, दोन्ही ठिकाणी लहान मुलं. फरक इतकाच की शिष्यवृत्ती राज्य परीक्षा परिषदेची, त्यात पैसे आणि प्रमाणपत्र मिळतं. नवोदयमध्ये पुढची सात वर्षं पणाला लागलेली असतात.

एकदा वर्गातून फिरताना एक मुलगा हाताची घडी घालून बसलेला दिसला. अजून बराच वेळ बाकी होता. उत्तरपत्रिकेत अंकगणिताच्या भागातले शेवटचे काही गोळे कोरे. मला वाटलं प्रश्न राहून गेले. म्हटलं, बाळा, हे सोडव की, चुकलं तरी गुण कापत नाहीत. तो अगदी सरळपणे म्हणाला, "सरांनी सांगितलंय, येत नसेल ते कोरं ठेव." कोणते सर, विचारलं तर क्लासचं नाव सांगितलं. त्याच्या चेहऱ्यावर भीती नव्हती, लबाडी तर नव्हतीच. सांगितलेलं ऐकणारं शहाणं पोर होतं ते.

आता कोरं ठेवायला का सांगितलं असेल, याचा प्रत्येकाने विचार करावा. मी पुरावा नसताना आरोप करत नाही. त्या दिवशी मी एवढंच केलं की त्याला म्हटलं, तुला जे वाटतं ते उत्तर तूच रंगव, आणि त्याने रंगवलं. मग केंद्रसंचालकांना सांगून आमच्या खोलीचं पाकीट सगळ्यांसमोर मोजून, वेळेवर सीलबंद करायला लावलं. काहींना ते आवडलं नाही. "पाचवीच्या पोरांची परीक्षा आहे, एवढं काय" असं ऐकून घ्यावं लागलं.

हेच वाक्य सगळ्या गोंधळाच्या मुळाशी आहे असं मला वाटतं. बारावीला कडक वागणारे शिक्षक पाचवीला सैल सोडतात, कारण मुलं गोड असतात. व्हरांड्यातून बोटं दाखवून पर्याय सांगणारा माणूस स्वतःला मदत करणारा समजतो. एका बोटाला ए, दोनाला बी. पोरं खिडकीकडे बघत बसतात आणि ज्याला ही खूण माहीत नाही ते एकटंच खाली मान घालून बेरीज करत असतं.

ओढ्याकाठ:

पर्यवेक्षक यांच्याशी शंभर टक्के सहमत. आमच्या गावात तर शिक्षकाने उत्तरं सांगितली याचं पालक कौतुक करत होते. "सर फार जीव लावतात पोरांना."

नवोदयन:

मी नवोदयमध्येच शिकलो, सहावी ते बारावी. आत गेल्यावर काय होतं ते कुणी लिहीत नाही म्हणून लिहितो.

आमच्या बॅचमध्ये एक जण होता. त्याला खोटेपणाने आणलंय हे आम्हा पोरांना पहिल्या महिनाभरातच कळलं, कारण त्यानेच सांगून टाकलं. गाव विचारलं की तो कागदावरचं गाव सांगायचा आणि मग त्या गावच्या कुणी पुढचं काही विचारलं, नदी कुठली, जत्रा कधी, की गप्प बसायचा. घरून त्याला बजावलेलं की खरं कुणाला सांगायचं नाही. अकरा वर्षांचं पोर रात्री अंथरुणात याच धास्तीत असायचं की पडताळणी होऊन आपल्याला काढून टाकतील. अभ्यासात तो वाईट नव्हता. कदाचित शहरी जागेवरही लागला असता. आईबापांनी त्याला ते आजमावूच दिलं नाही.

आणि दुसऱ्याने उत्तरं सांगितली म्हणून जे आत येतात त्यांचे हाल वेगळे. नवोदयमध्ये सुरुवातीला प्रादेशिक भाषेत शिकवतात आणि पुढे गणित-विज्ञान इंग्रजीतून सुरू होतं. पाया कच्चा असेल तर तिथे पोर कोलमडतं. घरापासून लांब, संध्याकाळी सगळे अभ्यासिकेत बसलेले आणि याला समोरचं पान कळत नाही. अशी पोरं दाखला काढून घरी परतताना मी पाहिली आहेत. ती जागा मग कुणाच्याच कामी येत नाही.

पालकांनी हे वाचावं असं फार वाटतं.

कलमवाला:

कायद्याचं थोडं सांगतो, कारण २०२४ चा नवीन कायदा आला म्हणजे आता सगळं बंद होईल असा अनेकांचा समज आहे.

केंद्राचा सार्वजनिक परीक्षांमधल्या गैरप्रकारांना आळा घालणारा कायदा २१ जून २०२४ पासून लागू झाला. पेपर फोडणं, उत्तरपत्रिकेत फेरफार करणं, उमेदवाराला उत्तरं पुरवणं, बैठक व्यवस्थेत घोळ करणं, हे सगळं त्यात येतं. शिक्षा तीन ते पाच वर्षं आणि १० लाखांपर्यंत दंड. संघटित टोळी असेल तर पाच ते दहा वर्षं आणि किमान १ कोटी दंड. पण तो कायदा त्याच्या परिशिष्टात दिलेल्या संस्थांच्या परीक्षांना लागू होतो: लोकसेवा आयोग, कर्मचारी निवड आयोग, रेल्वे भरती, बँक भरती, केंद्रीय खात्यांची भरती आणि एनटीए, म्हणजे केंद्राची राष्ट्रीय परीक्षा संस्था. सैनिक शाळांची प्रवेश परीक्षा एनटीए घेते, म्हणून ती त्यात बसते. नवोदयची परीक्षा एनटीएची नाही आणि ही विद्यालयं चालवणाऱ्या नवोदय समितीचं नाव त्या परिशिष्टात नाही. महाराष्ट्राचा १९८२ चा परीक्षा गैरप्रकार प्रतिबंधक कायदा विद्यापीठ, मंडळ आणि शासनाने ठरवून दिलेल्या परीक्षांसाठी आहे.

याचा अर्थ मोकळं रान आहे असा मात्र नाही. खोटा दाखला बनवणं आणि तो खरा म्हणून वापरणं हा साधा फौजदारी गुन्हा आहे. भारतीय न्याय संहितेची ३३६ आणि ३४० ही कलमं बघा. फसवणुकीसाठी बनावट कागद केला तर सात वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते.

माळरान सरांचा मुद्दा कायद्यालाही मान्य आहे. सात वर्षांखालच्या मुलाचं कुठलंच कृत्य गुन्हा ठरत नाही, आणि सात ते बारा वयाच्या मुलाला परिणाम कळण्याएवढी समज नसेल तर त्याचंही नाही. जबाबदारी मोठ्यांवरच येते.

खडूफळा:

कायदे आहेत हो, पण राबवणारे कोण? २०२१ साली राज्याच्या शिक्षक पात्रता परीक्षेतला घोटाळा उघडकीस आला, तेव्हा ज्या परिषदेने परीक्षा घ्यायची तिच्याच प्रमुखाला अटक झाली होती. नंतर ७,८०० हून अधिक उमेदवारांवर कारवाई झाली. जो स्वतः पैसे भरून शिक्षक व्हायला निघाला, तो पाचवीच्या हॉलमध्ये काय करेल?

निराश व्हायला नको म्हणून हेही लिहितो. मी नांदेड भागात होतो तेव्हा, २०१० च्या सुमारास, जिल्हाधिकारी श्रीकर परदेशी यांनी कॉपीमुक्त अभियान राबवलं. त्याआधी दहावी-बारावीला केंद्राच्या भिंतीवर माणसं चढलेली असायची. त्यांनी महसूल, पोलीस, शिक्षण अशी सगळी खाती एकत्र कामाला लावली. निकाल दणकन खाली आला, आरडाओरड झाली, पण तो खरा निकाल होता. पुढे त्याचं अनुकरण इतर जिल्ह्यांनीही केलं. जिल्हाधिकाऱ्याने मनावर घेतलं तर होतं, एवढंच सांगायचंय.

माळरान:

खडूफळा सर, तुम्ही जिल्हाधिकाऱ्यांचं नाव काढलंत आणि नेमका तोच मार्ग आहे. प्रत्येक नवोदय विद्यालयाच्या व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष त्या जिल्ह्याचे जिल्हाधिकारी असतात, हे फार लोकांना ठाऊक नसतं. निवड यादी लागली की लगेच प्रवेश होत नाही, आधी कागदपत्रांची पडताळणी होते. तक्रार करायची ती या मधल्या काळात. प्रवेश होऊन पोर वसतिगृहात राहायला लागलं की कुणाचंही मन धजत नाही, आणि ते स्वाभाविक आहे. पडताळणीत एक खोटं नाव गळलं तर प्रतीक्षा यादीतलं एक पोर आत जातं. म्हणजे तक्रारीने कुणाचं तरी भलं होतं.

पाचवीची आई:

सर, हे माहीत नव्हतं. तक्रारीत लिहायचं काय पण? आमच्यासारख्यांनी पुरावा आणायचा कुठून? आणि मुलाचं नाव लिहायचं का? मला त्या लेकराचं वाईट वाटतं.

माळरान:

ताई, पुरावा तुम्ही गोळा करायचा नाही. तपासणी कशाची व्हावी एवढंच मागायचं. शाळेचा पाचवीचा हजेरीपट, पोषण आहाराची रोजची नोंद आणि वर्गशिक्षकाने तपासलेल्या वह्या किंवा चाचणीचे पेपर, या तिन्ही गोष्टी एकत्र मागवल्या की खोटं टिकत नाही. हजेरी एका दिवसात भरून काढता येते, तीन वर्षांच्या वह्या येत नाहीत. त्याच वर्गातल्या मुलांना हा मुलगा ओळखता येतो का, हे अधिकाऱ्याने जाऊन विचारलं तरी पाच मिनिटांत उलगडा होतो. तिसरी आणि चौथीची नोंद कुठल्या शाळेत होती ते शासनाच्या पोर्टलवर असतं, ते गटशिक्षणाधिकारी बघू शकतात. तुम्हाला दाखवणार नाहीत, पण त्यांनी बघावं अशी मागणी तुम्ही करू शकता.

अर्ज जिल्हाधिकाऱ्यांच्या नावे, प्रत विद्यालयाच्या प्राचार्यांना आणि शिक्षणाधिकाऱ्यांना. आवक क्रमांक आणि तारीख टाकलेली पोच घेतल्याशिवाय तिथून हलू नका.

मुलाचं नाव फक्त त्या बंद पाकिटातल्या अर्जात. गावच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर नाव, फोटो, यादी काहीही फिरवू नका, हे सगळ्यांनाच सांगतोय. मागे एका ठिकाणी असं झालं आणि ते पोर शाळेतच जायचं बंद झालं. अर्जात शेवटी एक ओळ आवर्जून घाला: दाखला देणाऱ्या आणि घेणाऱ्या प्रौढ व्यक्तींवर कारवाई व्हावी, मुलाचं चालू वर्षाचं शिक्षण कुठंही खंडित होऊ नये.

अर्जाचा मसुदा मी रविवारपर्यंत इथेच टाकतो. कलमवाला, तुम्ही एकदा नजर घाला त्यावरून.

कलमवाला:

नक्की. तपासणी शाळा सुरू असतानाच व्हावी, उन्हाळी सुट्टी लागायच्या आत, हेही त्यात घ्या. सुट्टीत गेलेल्या अधिकाऱ्याला वर्ग रिकामाच दिसणार.